सुपरमरीन वॉलरस: दोन मजली पंखांचं उभयचर विमान कागदातून कसं करावं

कागदाचं पहिलंच विमान करत असाल तर वॉलरसच्या वाटेला जाऊ नका. एक-दोन साधी विमानं हातावेगळी झाली असतील, तर मात्र याच्यासारखी मजा नाही. खाली होडी, वर दोन मजली पंख, त्यांच्या मधोमध इंजिन, आणि प्रॉपेलर चक्क मागच्या तोंडाला. पुढे स्पिटफायर हे गाजलेलं लढाऊ विमान घडवणाऱ्या आर. जे. मिचेल यांनीच हे ध्यान आखलं, यावर बघणाऱ्याचा पटकन विश्वास बसत नाही. 21 जून 1933 ला ते पहिल्यांदा उडालं आणि पाचच दिवसांनी हेंडनच्या प्रदर्शनात चाचणी वैमानिकाने त्याला हवेत कोलांटी मारायला लावली. पुढे ब्रिटिश युद्धनौकांच्या कॅटापल्टवरून (विमान हवेत फेकणाऱ्या यंत्रावरून) टेहळणीला जाणं आणि समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणं ही त्याची मुख्य कामं झाली.

माप आणि छपाई

कागदी विमानांचे आराखडे बहुधा 1:33 मापाचे असतात. त्या मापात वॉलरसचे पंख 42 सेंटीमीटर भरतात आणि कपाटात मावत नाहीत. मी 1:50 सुचवेन. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 13.97 मीटर, म्हणजे मॉडेलचा 28 सेंटीमीटर. लांबी साधारण 23. त्यासाठी 1:33 चा आराखडा 66 टक्क्यांवर छापा. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला बजावून सांगा आणि दुकानातच पट्टी लावून एक माप ताडून पाहा. यात एक मेख आहे. आराखडा लहान झाला तरी पुठ्ठ्याची जाडी तेवढीच राहते. 1 मिलिमीटर पुठ्ठ्यासाठी ठेवलेल्या खाचा आता 0.66 च्या होतात, म्हणून सांगाड्याला त्याच प्रमाणात पातळ पुठ्ठा घ्या.

बाहेरच्या कातडीला 160 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 160 ग्रॅम वजनाचा) कागद, बारीक भागांना 100 चा. बाकी सामान नेहमीचंच: धारदार कटर, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, फेविकॉल, टूथपिक, रिकामं बॉलपेन. घडीच्या रेषेवरून रिकामं बॉलपेन दाबून फिरवलं की घडी सरळ येते आणि लेझर छपाईची शाई कमी तडकते. कापलेल्या प्रत्येक कडेला त्याच रंगाची पेन्सिल फिरवा. या आळसापायी चांगली चांगली मॉडेलं पांढऱ्या रेघांनी विद्रूप होतात.

होडीचं अंग

आधी पुठ्ठ्याचा उभा कणा, त्यात आडव्या चौकटी. कणा सपाट काचेवर ठेवून, वर पुस्तकांचं वजन टाकून रात्रभर वाळू द्या. इथे आलेला पीळ पुढे कशानेही जात नाही. मग बाजू, शेवटी तळ. तळाला मधोमध एक पायरी आहे, पाणी सोडून वर उठताना होडीचा तळ पाण्यापासून सुटावा म्हणून ठेवलेली. तिची कड टोकदारच हवी, गोल करू नका. नाकाडाकडे कागद दोन्ही दिशांना वळवावा लागतो, म्हणून तिथे पाकळ्या कापलेल्या असतात. पाकळी उलटी करून मऊ रबरावर ठेवा, चमच्याच्या पाठीने हलकेच दाबत वाटी करा आणि एकेक चिकटवा. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. कागद ओला झाला की सुरकुतलाच म्हणून समजा.

पंख: खरी परीक्षा इथे

दोन मजली विमान फसतं ते वरचा पंख बसवताना. दोन पंखांमधल्या आठ दांड्या एकदम सरळ धरायला आपल्याला हात दोनच. म्हणून आधी साचा करा. आराखड्यातल्या समोरून दिसणाऱ्या चित्रावरून दोन पंखांमधलं अंतर घ्या आणि जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या कापा. प्रत्येकीची खालची कड खालच्या पंखाच्या उठावाला आणि वरची कड वरच्या पंखाला जुळली पाहिजे. खालचे पंख होडीला चिकटून पूर्ण वाळले की पट्ट्या त्यांवर उभ्या करा आणि वरचा पंख न चिकटवता ठेवून पाहा. समोरून दोन्ही पंख समांतर दिसतात का? वरून दोन्ही बाजू सारख्याच मागे झुकल्या आहेत का? वॉलरसचे पंख किंचित मागे वळलेले आहेत. एक बाजू सरळ राहिली तर ते लगेच डोळ्यांत खुपतं.

वॉलरसमध्ये एक सोय आहे. इंजिनाचा डबा चार दांड्यांवर होडीच्या वर उभा राहतो आणि त्यावर चार आखूड दांड्यांनी वरच्या पंखाचा मधला भाग टेकतो. हा मधला खांब आधी काटकोनात बसवा, म्हणजे बाहेरच्या दांड्या आपोआप जागेवर येतात. खऱ्या विमानात इंजिन उजवीकडे तीन अंश वळवलेलं होतं, कारण प्रॉपेलरचा भोवरा शेपटीच्या उभ्या पात्यावर आदळून विमान एका बाजूला ओढायचा. मॉडेलमध्ये डबा जरासा तिरका दिसला तर ‘दुरुस्त’ करू नका.

दांड्यांना नुसती कागदी पट्टी चालत नाही, वाकते. खराट्याचा सरळ हीर घ्या, त्याभोवती पातळ कागद दुमडून चिकटवा, मागची कड नखाने चेपा. पुढून गोल, मागून धारदार असा हुबेहूब छेद मिळतो.

प्रॉपेलर चार पात्यांचा, लाकडी. दोन पात्यांचे दोन तुकडे कापा, एकावर एक आडवे चिकटवा आणि ओलसर असतानाच प्रत्येक पात्याला हलका पीळ द्या.

चाकं, तरंगे, तारा

चाकं उघडी ठेवायची की मिटवलेली, हे खालचा पंख बंद करण्याआधी ठरवा, कारण ती त्याच पंखाच्या पोटातल्या खाचांत जातात. उघडी ठेवलीत तर पायांत 0.8 मिलिमीटरची तार घाला. विमान मागे शेपटीवरच टेकतं, त्यामुळे नाकात वजन भरावं लागत नाही. पंखाखालचे दोन छोटे तरंगे आणि शेपटी यांना फार वेळ लागत नाही. फक्त आडवी शेपटी उभ्या पात्यावर उंच बसते आणि तिला खालून टेकू आहेत, ते विसरू नका.

पंखांमधल्या ताणाच्या तारा सगळ्यात शेवटी, आणि त्या दोऱ्याच्या करायच्या. शिवणाचा दोरा तसाच लावला तर त्याचा केसाळपणा दिसतो. पातळ फेविकॉलमधून चिमटीने ओढून, ताणून वाळवा. एक टोक पक्कं झाल्यावरच दुसरं ओढा, आणि बेताने. दोरा जास्त ताणला तर तुम्ही मोजून मापून सरळ केलेला वरचा पंखच वाकतो. सगळं वाळलं की लांबून मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात स्प्रे करा. त्याशिवाय पावसाळ्याच्या दमट हवेत कागद फुगतो आणि आधी सैल पडतात त्या ताराच.