मोठ्या आरसी रणगाड्याचं टॉर्शन बार सस्पेन्शन कसं बनवावं

रणगाडा उंबरा ओलांडतो तेव्हा पाचही चाकं एकामागून एक वर उचलली जाऊन पुन्हा खाली बसली पाहिजेत. मला या छंदात सगळ्यात जास्त आनंद तेच पाहण्यात मिळतो. इथे १:६ प्रमाणातला आरसी (रिमोटवर चालणारा) टी-५५ हा सोव्हिएत रणगाडा धरला आहे. त्याला दर बाजूला पाचच चाकं असतात आणि वरचे रोलर नसतात. पट्टा चाकांच्या पाठीवरच टेकतो. खऱ्या चाकाचा व्यास ८१० मि.मी., म्हणजे आपलं चाक १३५ मि.मी.चं.

आधी वजन, मग गज

खरा टी-५५ सुमारे ३६ टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहापट घटतात, म्हणून वजनाला २१६ने भागायचं: १६७ किलो! प्लायवूड-अॅल्युमिनियमचं आपलं मॉडेल एवढं जड नसतं. त्यामुळे चाकांचा भार पेलणाऱ्या खऱ्या गजाच्या, म्हणजे टॉर्शन बारच्या, मापाला सहाने भागून काही साधत नाही. हल (रणगाड्याचं खालचं धड), टरेट (वरचा फिरता बुरूज), मोटरी, बॅटरी सगळं तराजूवर ठेवा. चाकं आणि पट्टे वगळा, कारण त्यांचा भार गजांवर येत नाही. समजा ४० किलो भरलं, तर दहा चाकांत वाटून प्रत्येकी ४ किलो.

गज निवडणं

टॉर्शन बार म्हणजे पिळला जाणारा गज. त्याचं एक टोक हलच्या समोरच्या भिंतीत घट्ट बसवलेलं असतं, दुसऱ्याला आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, जोडलेला. गजाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो: ४ मि.मी.ऐवजी ५ मि.मी.चा गज घातला, तर तो जवळजवळ अडीचपट ताठ होतो आणि मॉडेल दगडासारखं आपटत चालतं. आपल्या वजनाला ४ मि.मी. व्यासाचा, पिळणारी लांबी ३३० मि.मी. असलेला स्प्रिंग स्टीलचा गज आणि ४० मि.मी.चा आर्म जमतो. भाराखाली तो साधारण १३-१४ अंश पिळतो आणि चाक सुमारे ९ मि.मी. वर येतं.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा लोखंडी गज घेऊ नका. माझ्या पहिल्या रणगाड्यात मी तोच घातला होता. दोन-चार खड्ड्यांतच गज कायमचे पिळले आणि हल एका बाजूला कलला. दहाच्या दहा गज काढून फेकावे लागले.

जोडणी

गज हलच्या पूर्ण रुंदीभर जातो, म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचे गज शेजारी-शेजारी बसतात आणि दोन्हीकडची चाकं किंचित पुढे-मागे येतात. ती चूक नव्हे; असे गज असलेल्या खऱ्या रणगाड्यांतही तसंच असतं.

आर्मला १० मि.मी. बाहेरच्या व्यासाची पोकळ नळी जोडा, ती हलच्या भिंतीत दोन बेअरिंगांवर बसवा आणि गज तिच्या आतून न्या. चाकाचा भार बेअरिंगने पेलायचा, गजाने फक्त पिळ घ्यायचा. गजाच्या दोन्ही टोकांना ग्राइंडरने सपाट जागा करून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) आवळा. तासताना गज तापू देऊ नका आणि वेल्डिंग तर मुळीच नको, कारण उष्णतेने स्टीलचं पाणी उतरतं. तुकडे कापताना चष्मा हवाच.

आर्म जिथे गजाला जोडला आहे त्या बिंदूच्या मागे चाक राहील असे आर्म लावा. भार नसताना ते आडव्या रेषेच्या ४० अंश खाली असावेत. रणगाडा उभा केल्यावर २५ अंशांवर यावेत. आडव्या रेषेच्या १० अंश वर रबरी अडथळा लावा, म्हणजे गज प्रमाणाबाहेर पिळणार नाही.

आर्मचा कोन चित्रांवरून उमगत नसेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. तिथे पॅटन रणगाड्याच्या चाकांमागे वाकून पाहा, टॉर्शन बारचे आर्म दिसतील. तिथल्याच सेंच्युरियन रणगाड्याची चाकं मात्र जोडीजोडीने स्प्रिंगांवर बसवलेली आहेत. दोन्ही पाहिली की फरक लगेच ध्यानात येतो.

धक्के शोषणं आणि चाचणी

खऱ्या टी-५५ला शॉक अॅब्सॉर्बर फक्त पहिल्या आणि पाचव्या चाकांना असतात. तिथेच आरसी कारचे तेलाचे छोटे शॉक लावा, नाहीतर ब्रेक लावताच नाक डुलत राहतं.

दहा जोडण्या एकदम करू नका. एकच चाक प्लायवूडच्या फळीवर बसवून त्यावर ४ किलो भार ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी भार काढल्यावर आर्म ४० अंशांवर परत आला, तरच बाकीचे नऊ बनवा.

पट्टा सगळ्यात शेवटी. पुढच्या आयडलरने (पट्टा ताणणाऱ्या चाकाने) तो इतकाच ताणा की वरची बाजू चाकांवर सैल टेकेल. जास्त ताणलात तर पट्टाच पुढची चाकं वर ओढून धरतो आणि सस्पेन्शन हलतच नाही.