विहिरीच्या पंपाचं सर्किट आधी पडद्यावर जाळा

कुडाळ, गुहागर, देवगड अशा ठिकाणी राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकताना खरी अडचण सुट्या भागांची येते. रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, जळला की नवा बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्सलने मागवायचा आणि तोवर हात बांधून बसायचं. म्हणून जे जळायचं ते आधी पडद्यावर, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून दाखवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये, जळू द्यावं. इथे उदाहरण घेतलंय बागेच्या शिंपणासाठी टाकी भरणाऱ्या पंपाच्या कंट्रोलरचं. त्यातले दोनच तुकडे पाहू: बारा व्होल्टचा पुरवठा आणि पाणी ओळखणारा प्रोब.

सॉफ्टवेअर निवडण्यात आठवडा घालवू नका. एलटीस्पाइस फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. जुलैत ही सोय लहान नाही. मुक्त स्रोतातलंच हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, त्याच्या पोटात एनजीस्पाइस चालतं. या सगळ्यांचं मूळ १९७०च्या दशकात बर्कलीत लिहिलेल्या स्पाइस या प्रोग्रॅममध्ये आहे, त्यामुळे एक आलं की दुसरं जड जात नाही. खालच्या खुणा एलटीस्पाइसच्या आहेत.

पहिलं सर्किट अगदी साधं ठेवा: ५ व्होल्टचा सोर्स, १ केचा (किलोओहमचा) रेझिस्टर आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कीबोर्डवर आर दाबला की रेझिस्टर, सी दाबला की कपॅसिटर आणि जी दाबला की ग्राउंड हाताशी येतो. ग्राउंड नसेल तर गणित सुरूच होत नाही, कारण प्रत्येक व्होल्टेज त्याच्यापासून मोजायचं असतं. रन दाबा, ट्रान्झियंट निवडा, स्टॉप टाइम ०.५ सेकंद द्या आणि कपॅसिटरच्या वरच्या वायरवर क्लिक करा.

बहुतेकांना इथे ५ व्होल्टची सपाट रेघ दिसते आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. सिम्युलेटर आधी स्थिर अवस्था काढतो, म्हणजे कपॅसिटर पूर्ण भरलेला धरूनच घड्याळ सुरू करतो. सोर्स डीसीऐवजी पल्स करा: सुरुवात ०, नंतर ५, राइज टाइम १ मायक्रोसेकंद, ऑन टाइम १ सेकंद, पीरियड २ सेकंद. राइज टाइम शून्य ठेवू नका, नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःचा वेळ घालतं आणि उभी कड तिरकी होते. आता ०.१ सेकंदाला ३.१६ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर आकडे लिहिण्यात चूक आहे, आणि ती ठरलेली असते. एम हे अक्षर लहान लिहा की मोठं, त्याचा अर्थ मिलीच होतो. मेगासाठी मेग असं पूर्ण लिहावं लागतं. मायक्रोसाठी यू. आणि कपॅसिटरपुढे १ लिहून फॅरडचं एफ जोडलंत तर तो १ फेम्टोफॅरड होतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

आता पुरवठा. ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं ते आरएमएस, म्हणजे लाटेचं परिणामी मूल्य, शिखर नव्हे. साइन सोर्समध्ये अँप्लिट्यूड म्हणून शिखर द्यायचं असतं, म्हणजे १२ गुणिले १.४१४, साधारण १७. फ्रिक्वेन्सी ५०. सोर्सला १ ओहमचा सीरीज रेझिस्टन्स द्या, कारण खऱ्या वायंडिंगला रोध असतोच. एसीची डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरड, १०० ओहमचा लोड, स्टॉप टाइम २०० मिलिसेकंद. लाटा खडबडीत दिसल्या तर मॅक्सिमम टाइमस्टेप १० मायक्रोसेकंद करा.

ग्राउंड फक्त ब्रिजच्या ऋण टोकाला. सोर्सच्या एका टोकालाही लावलात तर ब्रिजचा एक डायोड शॉर्ट होतो, एका अर्ध्या लाटेत दुसरा डायोड थेट सोर्सवर येतो आणि करंट भलताच चढतो. प्रत्यक्षात इथेच फ्यूज गेला असता. सोर्सच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज पाहायचं तर एका वायरवर माउस दाबून धरा आणि दुसरीवर नेऊन सोडा.

लोडवर शिखर १५ च्या आसपास आणि तळ साधारण एक व्होल्ट खाली दिसेल. आता ऑल्ट दाबून रेझिस्टरवर क्लिक करा, मग आलेखाच्या वरच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक करा: सरासरी दोन वॅट. पडद्यावरचा रेझिस्टर कधीच जळत नाही, पाव वॅटचा खरा मात्र धूर काढतो. तिथे ५ वॅटचा घ्या.

इथवर सगळे येतात. पण २३० व्होल्ट मिळतील त्या दिवशी सर्किट चाललं यात कौतुक काय? वाडीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी १८० होतात तेव्हाचं पाहा. १२ चे ९.४ होतात, शिखर १३.३. डायोडमध्ये दीड व्होल्ट जातात, वायंडिंगमध्ये थोडे. उरतात साडेअकरा. ७८१२ या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा निदान दोन व्होल्ट जास्त, म्हणजे १४ तरी हवेत. कपॅसिटर ४७०० चा करून पाहा: तळ वर येतो, पण शिखर वाढत नाही. दुखणं ट्रान्सफॉर्मरचं आहे, कपॅसिटर कितीही मोठा घेतला तरी ते बरं होणार नाही.

म्हणून १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरड धरा. अँप्लिट्यूड १६.६ ठेवून १८० व्होल्टचा दिवस तपासा, मग २३ ठेवून २५० चा. पहिल्यात तळ जेमतेम १४ ला टेकतो. दुसऱ्यात रेग्युलेटरसमोर सुमारे २१ येतात. १२० मिलिअँपिअरला तो एक वॅटभर उष्णता टाकतो, तेव्हा छोटा हीटसिंक लावाच. लोड काढून पुन्हा चालवा. कपॅसिटरवरचे व्होल्ट २१ च्याही वर जातात, आणि छोटा ट्रान्सफॉर्मर बिनलोडचा असताना लिहिल्यापेक्षा जास्तच देतो. २५ व्होल्टचा कपॅसिटर इथे नको, ३५ चा घ्या. इलेक्ट्रोलिटिकची किंमत २० टक्के इकडेतिकडे असते, म्हणून १७६० घालूनही एकदा बघा.

दुसरा तुकडा प्रोबचा. ५ व्होल्टपासून पुल-अप, म्हणजे बिंदू वर ओढून धरणारा रेझिस्टर, खाली प्रोब, मधला बिंदू सीमॉस गेटला. प्रोब पाण्यात असला की बिंदूचं व्होल्टेज उतरतं, आणि ते लो आहे की हाय यावरून गेट पाणी ओळखतं. करंट कमी जावा म्हणून नवखे १० मेगचा पुल-अप घालतात. कोरड्या खोलीत ते चालतं. खाऱ्या, दमट हवेत बोर्डावर ओलसर थर बसतो. तो सिम्युलेटरला माहीत नसतो, आपण सांगायचा. प्रोबच्या दोन टोकांत २.२ मेगचा रेझिस्टर जोडा. टाकी रिकामी असूनही बिंदूवर ०.९ व्होल्ट येतात, म्हणजे गेटला पाणी दिसतं आणि पंप सुरूच होत नाही.

पुल-अप १०० के केला तर रिकाम्या टाकीला ४.७८ मिळतात, छान. पण पाण्याचा रोध ४७ के धरून तोही २.२ मेगच्या गळतीला समांतर जोडा: आता १.५८ येतात, आणि ५ व्होल्टवरच्या सीमॉसला लो म्हणायला दीडच्या खाली हवं. ४७० केला कोरडं ४.१२, ओलं ०.४५. दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा, हाच ठेवा. हे आकडे लिहिताना मेगऐवजी नुसतं एम टाइप झालं तर २.२ मिलिओहमचा शॉर्ट होतो आणि तुम्ही तासभर प्रोबला दोष देत बसता.

प्रोब पाण्यात कायम डीसीवर ठेवला की इलेक्ट्रोलिसिसने झिजतो, हे मात्र कुठल्याच आलेखात दिसणार नाही. त्यासाठी प्रोबला क्षणभरच वीज द्यायची सोय लागते. पल्स सोर्स आता येतोच, तेव्हा पुल-अपचं वरचं टोक ५ व्होल्टवरून काढून त्याला जोडा आणि दर दहा सेकंदांतून १० मिलिसेकंदांच्या ठोक्याने गेट नीट ओळखतो का ते पाहा.