टीव्ही, फोन, पेनड्राइव्ह जुन्या म्युझिक सिस्टिमला जोडताय? या चुका टाळा

घरात चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन दणकट स्पीकर असतील, तर नव्या साउंडबारवर पैसे घालू नका, असं मी ओळखीच्यांना सांगत असतो. मग काही दिवसांनी फोन येतो: "सगळं जोडलं, पण आवाजच येत नाही!" यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. पिन भोकात बसली म्हणजे जोडणी झाली असं आपण धरून चालतो आणि तिथेच घोळ होतो.

टीव्हीचं ऑडिओ सेटिंग 'ऑटो'वर ठेवणं

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक हीच. नव्या टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या ऑडिओ आउटच्या पिना सहसा नसतात, ऑप्टिकलचं, म्हणजे उजेडावाटे डिजिटल आवाज पाठवणारं चौकोनी भोक असतं. जुना ॲम्प्लिफायर डिजिटल सिग्नल घेत नाही, म्हणून मधे 'ऑप्टिकल टू आरसीए' कन्व्हर्टर, म्हणजे डिजिटल सिग्नलचा साधा ॲनालॉग करणारा छोटा डॅक लावतात (त्याच लाल-पांढऱ्या पिनांना आरसीए म्हणतात). यातल्या बहुतेक स्वस्त डब्यांना फक्त पीसीएम, म्हणजे दोन चॅनेलचा साधा सिग्नल कळतो. टीव्ही 'ऑटो'वर असला की तो काही कार्यक्रमांना पीसीएम आणि ओटीटीवरच्या सिनेमाला डॉल्बी डिजिटल, म्हणजे या डब्यांना न उलगडणारा सांकेतिक सिग्नल पाठवतो. मग बातम्या खणखणीत ऐकू येतात आणि सिनेमा लावला की एकदम शांतता, नाहीतर नुसती खरखर. लोक केबल बदलतात, डबी परत पाठवतात, दुसरी मागवतात आणि तिचंही तेच होतं. साउंड मेनूत 'डिजिटल ऑडिओ आउट' किंवा तशा नावाचा पर्याय शोधा आणि तिथे पीसीएम निवडा. बस्स.

तरीही आवाज नसेल तर केबलची टोकं बघा. नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या पारदर्शक असल्या तर काढायच्या राहूनच जातात. टीव्ही चालू ठेवून केबलचं दुसरं टोक हातात धरा. तिथे लाल ठिपका दिसला, तर उजेड तिथवर पोचतोय, दोष पुढे कुठेतरी आहे. ही केबल कपाटामागे करकचून दुमडू नका.

ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नसेल, तर तो सहसा बिघाड नसतो. आवाजाचं काम ॲम्प्लिफायरच्या नॉबकडे गेलेलं असतं. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मात्र बंद करा, नाहीतर तेच वाक्य मागेपुढे दोनदा ऐकू येईल.

दिसेल त्या भोकात पिन खुपसणं

ॲम्प्लिफायरमागची सगळी आरसीए भोकं दिसायला सारखी, पण 'फोनो'पासून लांब राहा. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. फोनो तो सुमारे शंभरपट वाढवतं, शिवाय बेस चढवतं आणि ट्रेबल उतरवतं. डॅककडून किंवा सीडी प्लेअरकडून २ व्होल्टपर्यंत सिग्नल येतो. तो फोनोत गेला की आवाज फाटून, घुमून बाहेर पडतो आणि शिव्या मात्र बिचाऱ्या स्पीकरला बसतात. ऑक्स, सीडी किंवा ट्यूनर वापरा. टेप-इनही चालतं, पण नंतर 'टेप मॉनिटर'चं बटण दाबलेलंच राहिलं तर बाकी सगळी इनपुट मुकी होतात. जुना ॲम्प्लिफायर 'बिघडला' म्हणून कोणी दाखवायला आणला, की आधी हे बटण बघावं.

डीव्हीडी प्लेअरमागचं 'कोॲक्शियल' लिहिलेलं, बऱ्याचदा नारिंगी असलेलं भोकही आरसीएच असतं. त्यातून डिजिटल सिग्नल येतो, त्यामुळे तो थेट ऑक्सला देऊन उपयोग नाही, डॅक लागतोच.

तुमच्याकडे एचडीएमआयवाला नवा ॲम्प्लिफायर असेल, तर टीव्हीच्या ज्या पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' (टीव्हीचा आवाज उलट ॲम्प्लिफायरकडे पाठवणारी सोय) लिहिलंय त्यातच केबल घाला. सहसा असा एकच पोर्ट असतो. सोबत सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी सोय, चालू करा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. एकच सोय, पण नावं हौसेनं वेगळी.

यूएसबी आणि ब्लूटूथ

सिस्टिमच्या पुढचं चपटं यूएसबी भोक बहुधा पेनड्राइव्हसाठी असतं. लॅपटॉप तिथे जोडून गाणी वाजत नाहीत. त्यासाठी मागे बी टाइपचं, प्रिंटरला असतं तसं चौकोनी भोक लागतं. पेनड्राइव्ह 'नो फाइल' दाखवत असेल तर तो बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. जुन्या प्लेअरना फॅट३२च लागतो, म्हणून ३२ जीबीपर्यंतचाच पेनड्राइव्ह घ्या. फॉरमॅट करण्याआधी गाणी दुसरीकडे उतरवून ठेवा.

ब्लूटूथवर गाणी खुशाल ऐका, पण सिनेमात ओठ आणि शब्द जुळत नसतील तर सरळ वायर लावा. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून ॲम्प्लिफायर पिळू नका, त्याने सुंसुंच वाढते. फोन जवळजवळ पूर्ण, बाकी नॉबवर.

सतत घुंऽऽ आवाज येणं

हा बहुतेकदा वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची किंवा डिशची वायर काढून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह आहे. बॉक्स ॲम्प्लिफायरला थेट न जोडता टीव्हीमार्फत ऑप्टिकलने आणा, कारण त्या केबलमधून फक्त उजेड जातो, वीज जात नाही. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. गुणगुण जाईलही, पण ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात वीज उतरली तर शॉक थेट हात लावणाऱ्याला बसेल.