रोडवाल्यांचा वन पॉकेट: आधी सूट, मग टेबल, मग खेळ

१९८५ साली ह्यूस्टनमधल्या ‘रेड्स’ या पूल हॉलच्या स्पर्धेत सीझर मोरालेस नावाचा एक फिलिपिनो उतरला आणि स्पर्धा जिंकून गेला. तो पूलचा नामांकित खेळाडू एफ्रेन रेयेस होता. खरं नाव सांगितलं असतं, तर त्याच्याशी पैसे लावून खेळायला कुणी पुढे आलं नसतं, आणि आलंच असतं तर आधी भलीमोठी सूट, म्हणजे कच्च्या खेळाडूला खेळाआधीच दिलेली सवलत, मागितली असती. गाडीत क्यू (खेळायची काठी) टाकून गावोगाव हिंडणारे अमेरिकन रोड प्लेयर हेच करत आले होते. नाव बदलायचं, गाव खोटं सांगायचं, पहिल्या दिवशी निम्माच खेळ दाखवायचा. त्यांच्या आठवणी आज रंगवून सांगितल्या जातात. शिकण्यासारखी गोष्ट मात्र रोकडी आहे. क्यूला चॉक लावण्याआधी अर्धा सामना ठरलेला असायचा.

या लोकांचा लाडका डाव म्हणजे वन पॉकेट. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या छोट्या गावात जॅन्स्को बंधूंनी १९६१ साली जुगारी खेळाडूंची स्पर्धा सुरू केली, तीही याच डावाने. १९७२ साली सरकारी छापा पडला आणि तो मेळा संपला. डाव राहिला. पैसे लावायची काहीच गरज नाही. आपल्याकडच्या पार्लरमध्ये हरणारा टेबलाचं भाडं देतो, तेवढ्यावरही पुढचं सगळं गणित लागू पडतं.

नियम, थोडक्यात

नेहमीचे १५ बॉल, त्रिकोणात कसेही लावा. रॅकच्या, म्हणजे त्या त्रिकोणाच्या, बाजूला दोन कोपरे असतात, त्यातला एक तुमचा आणि दुसरा समोरच्याचा. ब्रेक करणारा, म्हणजे पहिला फटका मारणारा, आधी कोपरा निवडतो. जो आपल्या कोपऱ्यात ८ बॉल आधी टाकेल तो जिंकला. तुमच्या हातून समोरच्याच्या कोपऱ्यात बॉल पडला तर तो त्याच्या खात्यात जातो. उरलेल्या चार पॉकेटांत पडलेला बॉल पाळी संपली की रॅकच्या ठिपक्यावर, म्हणजे त्रिकोणाच्या टोकाचा बॉल बसतो तिथे, परत ठेवायचा.

पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला लागल्यावर एकतर कोणता तरी बॉल पडला पाहिजे, नाहीतर कुठलाही एक बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, लागला पाहिजे. नाही लागला तर फाउल, आणि आपल्या खात्यातला एक बॉल काढून ठिपक्यावर ठेवायचा. खातं रिकामं असेल तर उधारी मांडायची आणि पुढच्या बॉलातून फेडायची. पांढरा पॉकेटमध्ये गेला तर हाच दंड, वर समोरच्याला तो किचनमध्ये, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या रेषेमागे, हवा तिथे ठेवायला मिळतो. लागोपाठ तीन फाउल झाले की डाव गेला.

सूट कशी ठरवायची

वन पॉकेटइतकी बारीक सूट दुसऱ्या कुठल्याच डावात देता येत नाही. ‘नऊ-सात’ म्हणजे तगड्याने ९ टाकायचे, कच्च्याने ७. फरक मोठा असेल तर दहा-सहा. थोडासाच असेल तर आठ-सात. बेरीज १६ च्या वर जाऊ देऊ नका. नऊ-सातमध्ये तगड्याचे ८ आणि कच्च्याचे ६ झाले की १४ बॉल संपतात आणि उरलेला एक बॉल निकाल लावतो. नऊ-आठ ठरवलंत तर १५ बॉल संपूनही कुणीच जिंकलेलं नसेल. मग ऐनवेळी वाद होतो. ब्रेक ही या डावात वेगळी आणि वजनदार सूट आहे, कारण चांगल्या ब्रेकनंतर समोरच्याला बराच वेळ नुसता बचाव करावा लागतो. म्हणून ब्रेक आलटून पालटून की एकाकडेच, हे आधी तोंडाने बोलून घ्या.

नाइन बॉलमध्ये, म्हणजे जो ९ चा बॉल टाकेल तो जिंकला अशा डावात, ‘आठची सूट’ म्हटलं की भांडण हमखास. कच्चा खेळाडू ८ टाकूनही जिंकतो, इतकं सगळ्यांना कळतं. पण तो ८ चुकून, दुसऱ्या बॉलवर आपटून पडला तर चालेल, की पॉकेट सांगूनच टाकायचा? दोन्ही प्रकार चालतात आणि पहिला बराच महाग पडतो.

सूट मागताना लोक फक्त एका फ्रेमचा, म्हणजे एका डावाचा, विचार करतात. रोडवाला सामन्याची लांबी बघायचा. समजा दर १०० फ्रेममध्ये एक जण ६० जिंकतो. पाच फ्रेमच्या शर्यतीत, म्हणजे जो आधी ५ फ्रेम घेईल तो जिंकला अशा सामन्यात, तो १०० पैकी सुमारे ७३ वेळा जिंकेल, नऊच्या शर्यतीत ८० वेळा. आता ‘दहा पुढे’ लावा. म्हणजे जो आधी १० फ्रेमनी पुढे जाईल तो जिंकला. तोच माणूस १०० पैकी ९८ वेळा जिंकतो. असा सामना सरासरी ४८ फ्रेम चालतो, पहाट होते, आणि कच्च्याला वाटत राहतं की अजून दोन फ्रेम आल्या की बरोबरी. ‘दहा पुढे’ हा रोडवाल्याचा आवडता सामना होता त्याचं कारण या आकड्यात आहे.

आता तीच जोडी नऊच्या शर्यतीत बसवू. कच्च्याला दोन फ्रेम आधीच दिल्या, म्हणजे त्याला ७ पुरे, तरी तगडा १०० पैकी ६१ वेळा जिंकतो. तीन दिल्या तर ४९ वर येतो. साठ-चाळीसच्या जोडीला नऊच्या शर्यतीत तीन फ्रेमची सूट म्हणजे जवळजवळ बरोबरी. दोन फ्रेम मिळाल्या म्हणून खूश होणारा भाडं देतच राहणार.

खरोखर बरोबरीची जोडी कशी दिसते तेही बघा. १९९६ साली हाँगकाँगमध्ये रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड १२० फ्रेमच्या शर्यतीत भिडले. एक लाख डॉलर, तीन दिवस. रेयेस १२०–११७ ने जिंकला.

टेबल तपासणं

पाच मिनिटं पुरतात, पण लोक तीही काढत नाहीत. दोन बॉल कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडात शेजारी शेजारी ठेवा. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे दोन मिळून साडेचार. दोघे घट्ट बसले तर पॉकेट कडक आहे. बोट आत जाईल इतकी फट राहिली तर सैल, आणि सैल पॉकेटवर कुशनवरून मारलेले बॉल भरपूर पडतात. रॅकच्या बाजूचे दोन्ही कोपरे तपासा. जुन्या टेबलावर ते सारखे नसतात, आणि कोपरा निवडायचा हक्क ब्रेक करणाऱ्याकडे आहे.

मग एक बॉल अगदी हळू सोडा, असा की समोरच्या कुशनपाशी जेमतेम पोचेल. शेवटच्या फूटभरात तो कुठल्या बाजूला वळतो ते बघा. जोरात मारलेल्या बॉलवर टेबलाचा उतार कळत नाही. वन पॉकेटचे निम्मे फटके मरत्या वेगाचे असतात, आणि उतार नेमका तिथे घात करतो.

बारमधल्या नाणं टाकायच्या छोट्या टेबलाची गोष्ट वेगळी. पडलेला बॉल आत अडकतो, परत ठिपक्यावर ठेवता येत नाही, त्यामुळे तिथे वन पॉकेट जमतच नाही. तिथे पांढरा बॉल बाकीच्यांपासून वेगळा ओळखून परत यावा म्हणून तो थोडा मोठा किंवा जड ठेवायची रीत होती, पुढे चुंबकाचे आले. जड पांढरा धडकेनंतर जागेवर थांबत नाही, पुढे सरकतो, आणि मागे खेचायला गेलात तर रडतकढत येतो. अशा टेबलावर थांबवायचा फटका नेहमीपेक्षा खालून मारा, आणि मागे खेचायचे फटके शक्य तितके टाळा.

आपल्याकडे पावसाळा विसरू नका. दमट कापडावर बॉल लवकर थकतो आणि कुशनवरून उभा परततो. नव्या, गुळगुळीत कापडावर उलटं होतं, बॉल घसरत लांब जातो. उन्हाळ्यात पाठ केलेली कुशनची गणितं जुलैत पुन्हा जुळवून घ्यावी लागतात.

ब्रेक

फोडायला जाऊ नका. ब्रेकची कामं दोन: बॉल आपल्या कोपऱ्याकडे ढकलायचे आणि पांढरा समोरच्याच्या कोपऱ्याच्या बाजूला, लांब कुशनला चिकटवायचा. तुमचा कोपरा उजवा असेल तर रॅकच्या टोकाच्या बॉलला डाव्या कडेने पातळ स्पर्श करून पांढरा दुसऱ्या ओळीतल्या बॉलवर जाऊ द्या. बॉल उजवीकडे सरकतात, पांढरा डावीकडे सुटून कुशनपाशी मरतो. आता समोरच्याचा स्वतःचा कोपरा पांढऱ्याच्या अगदी बगलेत आहे, आणि बॉल सगळे पलीकडे.

दोन चुका नेहमीच्या. टोकाच्या बॉलला जाड मारलं तर पांढरा टेबलाच्या मधोमध राहतो आणि समोरच्याला सगळं उघडं मिळतं. वेग जास्त झाला तर पांढरा कुशनवरून परत येतो, निकाल तोच. बॉल थोडे कमी सरकले तरी चालेल, पांढरा मात्र कुशनला हवा.

ठिपक्यावरचा बॉल

दंडाचे आणि भलत्या पॉकेटातले बॉल सारखे रॅकच्या ठिपक्यावर येत असतात, म्हणून हा एक फटका पक्का असलाच पाहिजे. कुशनवरच्या खुणांनी मोजू. टेबलाची रुंदी चार खुणा. ठिपका रॅकच्या बाजूच्या आखूड कुशनपासून दोन खुणा वर आणि दोन्ही लांब कुशनांच्या मधोमध, म्हणजे प्रत्येकापासून दोन. तुमचा कोपरा उजवा. बॉल डाव्या लांब कुशनवर आपटून उजव्या कोपऱ्यात आणायचा आहे.

हिशेब आरशाचा आहे. डाव्या कुशनपासून बॉल २ खुणा दूर, तुमचं पॉकेट ४ खुणा दूर. टेबलाच्या लांबीच्या दिशेने दोघांत अंतर २ खुणांचं. ते २ अंतर दोनास चार या प्रमाणात वाटा. बॉलच्या बाजूला दोन तृतीयांश, पॉकेटच्या बाजूला एक आणि एक तृतीयांश. म्हणून डाव्या कोपऱ्यापासून वर सव्वा खुणेच्या किंचित पुढे मारा. हेच वाटप कुठल्याही एका कुशनच्या फटक्याला चालतं, पांढराच कुशनवरून न्यायचा असला तरी.

हा हिशेब मध्यम वेगाचा आहे. जोरात मारलं तर कोन आखडतो आणि बॉल पॉकेटच्या वर, उजव्या कुशनला लागतो. अगदी मऊ मारलं तर कोन पसरतो आणि तो आधी आखूड कुशनला लागतो. दमट टेबल जोराच्या फटक्यासारखं वागतं, म्हणून पावसात खूण थोडी कोपऱ्याकडे सरकवा. बॉल पडला नाही तरी तुमच्या पॉकेटच्या दारात बसला पाहिजे, एवढाच वेग द्या. आणि मारण्याआधी पांढरा कुठे थांबेल हे ठरवा. समोरच्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून तो मोकळा राहणार असेल तर फटकाच सोडा.

अडकलात तर

समोरच्याचे दोन बॉल त्याच्या दारात बसलेत, तुमचा पांढरा कोंडलेला आहे, चांगला फटकाच नाही. नवखा इथे शौर्य दाखवतो आणि चार बॉल देऊन बसतो. जाणता मुद्दाम फाउल करतो. पांढऱ्याला टिपने हलका स्पर्श, तो दुसऱ्या बॉलामागे किंवा कुशनला आणखी चिकटून बसतो, एक बॉल दंड. चारापेक्षा एक स्वस्त. समोरचाही तेच करू शकतो, म्हणून दोघांचे फाउल मोजत राहा. दोन झाले की तिसऱ्या पाळीला कायदेशीर फटका मारावाच लागतो, त्याची वाट आधी शोधून ठेवा.

समोरच्याला एकच बॉल हवा असेल तेव्हा आपल्या कोपऱ्याचा मोह सोडा आणि बॉल वर, किचनच्या बाजूला पाठवा. तिथून त्याला लांब कुशनचे फटकेच उरतात. तुमचे अजून पाच बाकी असले तरी हा टप्पा तासभर ताणता येतो.

आणि लपलेला बॉल कुशनवरून गाठायचा सराव रोज करा. रेयेस यातच जगात वेगळा होता. फिलिपिन्समध्ये खेळतात तो रोटेशन १५ बॉलांचा, आकड्यांची बेरीज १२०, आणि ६१ गुण झाले की डाव जिंकला. दर वेळी टेबलावरचा सर्वांत लहान आकड्याचा बॉल आधी लागला पाहिजे, मग तो पाच बॉलांमागे का दडला असेना. त्यात वाढलेल्या माणसाने १९९५ साली अमेरिकेतल्या रीनोत स्ट्रिकलंडविरुद्ध दोन कुशनांवरून लपलेला बॉल नुसता गाठला नाही, टाकलाही. सरावाला एक बॉल समोरच्याच्या दारात ठेवा, मध्ये एक आडवा लावा, आणि वरच्या वाटपाने एका कुशनवरून दहा वेळा मारा. सहा वेळा बॉल लागला आणि त्यातल्या चार वेळा तो दारातून हलून तुमच्या बाजूला आला, की आडवा बॉल दुसरीकडे सरकवा.