ताप आलेल्याला आधी मच्छरदाणीत घाला

घरात कुणाला ताप भरला की लोक मच्छरदाणी लावतात ती बाळाच्या पाळण्यावर. तापाचा माणूस पंख्याखाली उघडाच. महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातून मी निवृत्त झालो, पण परळच्या आमच्या चाळीत अजून याच गोष्टीवरून वाद घालतो. मच्छरदाणी एकच असेल तर ती पेशंटला लावा. दिवसासुद्धा.

कारण मलेरिया असो की डेंग्यू, तो पसरायला डासाच्या एकाच मादीचे दोन चावे लागतात. पहिल्या चाव्यात ती आजाऱ्याच्या रक्तातून जंतू उचलते, ते तिच्या पोटात आठ-दहा दिवस किंवा जास्तच वाढतात, आणि मग पुढच्या चाव्यात ते शेजाऱ्याच्या अंगात जातात. (डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादला दिसला होता.) म्हणून चाव्यांचा हिशेब वेगळा असतो. माणसांना होणारे चावे निम्म्यावर आणलेत तर उचलणंही निम्मं, सोडणंही निम्मं, म्हणजे लागण चौथाईवर. मलेरियाच्या मादीने म्हशीला चावा घेतला तर तो फुकट गेला, माणसाचा मलेरिया म्हशीला होत नाही. पण चाळीत म्हैस कुठून आणणार?

डेंग्यूच्या तापाचे पहिले चार-पाच दिवस सांभाळायचे, तेव्हा विषाणू रक्तात भरपूर असतो. डेंग्यूच्या डासाची मादी काळी, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावते दिवसा, बहुतेक टेबलाखाली घोट्याला. हाकलली की उडून दुसऱ्याला चावते. एकाच खोलीतले तिघं एकदम आडवे होतात ते यामुळे. मलेरियाची मादी रात्री येते. रक्ततपासणीत व्हायव्हॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला आणि डॉक्टरांनी 14 दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर ताप उतरल्यावर त्या सोडू नका. जंतू यकृतात दडून राहतो, महिन्यांनी ताप उलटतो, आणि डासांना पुन्हा पुरवठा सुरू.

आता पाणी. मुंबईत मलेरियाचा डास गटारात नाही, गच्चीवरच्या टाकीत आणि बांधकामावर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा, मग पांढऱ्या ओगराळ्याने कडेचं पाणी हलकेच उचला. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती मलेरियाच्या डासाची. डोकं खाली करून लटकत असेल तर दुसरी जात. सावली पडली की सगळ्या तळाला पळतात, म्हणून घाई नको. झाकण घट्ट बसवा, ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. सोसायटीचे सेक्रेटरी ‘धूर मारायला माणूस पाठवा’ म्हणून फोन करत बसतात. धुराने उडते डास मरतात, टाकीतल्या अळ्या तशाच राहतात.

घरात फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची थाळी आणि छपरावरची ताडपत्री बघा. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, तेव्हा आठवड्यातून एकदा सगळं रिकामं झालंच पाहिजे. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. काथ्याने कडा खसाखसा घासा, विशेषतः पाण्याची रेघ उमटते तिथे.