होइस्ट किती टनाचा, एवढंच विचारू नका

शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये मेन्टेनन्सला नवीन आलेली आयटीआयची पोरं होइस्ट, म्हणजे जड वस्तू वर उचलायचं यंत्र, दिसला की आधी टन विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, दिवसातून किती वेळा उचलायचंय?

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर हाताने ओढायचा चेन ब्लॉक उत्तम. वीज लागत नाही, जॉब, म्हणजे उचललेली वस्तू, अगदी बेताने खाली टेकवता येतो. पण शिफ्टभर लेथच्या चकवर कास्टिंग चढवायचं असेल तर माणसाचे खांदे जातात, तिथे इलेक्ट्रिक चेन होइस्टच हवा. तो घेताना ड्यूटी क्लासही, म्हणजे किती सतत वापरासाठी बनवलाय ते, बघा. एम3 तुरळक वापरासाठी, सततच्या कामाला एम5. वजन धरताना फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) आणि स्लिंग (जॉबला बांधून हुकात अडकवायचा पट्टा किंवा साखळी) हेही मोजा. वरचा बीम किती पेलतो हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. शेडच्या ट्रसला, म्हणजे छताच्या सांगाड्याला, साखळी अडकवून काम भागवायचं नाही.

स्लिंगच्या कोनाकडे फारसं कुणी बघत नाही. 500 किलोचा जॉब दोन पायांच्या स्लिंगने उचलला आणि पाय आडव्या रेषेशी 60 अंशांत असले, तर प्रत्येक पायावर साधारण 290 किलोचा ताण येतो. तेच पाय 30 अंशांपर्यंत फाकले की प्रत्येकावर 500. जॉब तोच, होइस्टही तोच, पण स्लिंग तुटू शकते. लांब स्लिंग घ्या, कोन आपोआप सुधारतो.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला करून दाखवतो. विजेच्या पॅनेलचं काम झालं किंवा होइस्टची जागा बदलली, की आधी रिकामा हुक थोडासा वर घेऊन बघायचा. थ्री-फेजमधले दोन फेज अदलाबदल झाले तर 'वर' दाबल्यावर हुक खाली येतो. "उलटं चालतंय, लक्षात ठेवू" असं म्हणून काम सुरू करणं फार धोक्याचं. साध्या होइस्टमध्ये वरचा लिमिट स्विच, म्हणजे हुक अगदी वर पोचला की थांबवणारा स्विच, फक्त 'वर'चं सर्किट तोडतो. आता हुक वर जातोय 'खाली'च्या बटणावर, त्यामुळे तो थांबत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवून सप्लायचे फेज बदलून घ्या, पेंडंटच्या (होइस्टला लोंबणाऱ्या बटणांच्या डबीच्या) वायरी नकोत.

जॉब तिरका ओढायचा नाही, लॅच (हुकचं तोंड बंद ठेवणारी पट्टी) तुटलेला हुक वापरायचा नाही.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 च्या कलम 29 प्रमाणे उचलण्याच्या साधनांची 12 महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हायची. नोकरीला लागलात की तपासणीचा रिपोर्ट मागून वाचा. होइस्टवरचा नंबर त्यात सापडला नाही, तर भार लावण्याआधी सुपरवायझरला सांगा.