वकील फोन उचलत नाहीत? मग हे करून बघा

ऑफिसात फोन केला की 'साहेब कोर्टात आहेत, सांगतो' एवढंच ऐकू येतं आणि केस कुठंवर आलीये ते कळतच नाही, तर सारखे फोन करण्यापेक्षा एकच मेसेज किंवा ईमेल टाका.

१. वर केस नंबर आणि दोन्ही पार्टींची नावं. ज्युनियरलाही फाईल लगेच सापडते, निम्मा वेळ तिथेच वाचतो.

२. खाली तीनच प्रश्न: मागच्या तारखेला काय झालं, पुढची तारीख कधी, माझ्याकडून काय हवंय. सगळी कहाणी परत लिहू नका, कोणी वाचत नाही.

३. भेट झाली की त्याच दिवशी लिहून टाका, 'आज ठरल्याप्रमाणे अर्ज तुम्ही शुक्रवारपर्यंत दाखल करणार, फी इतकी, त्यात टायपिंग झेरॉक्स धरलंय, काही चुकलं असेल तर सांगा.' नंतर 'असं बोलणंच झालं नव्हतं' हा प्रकार बराच कमी होतो, आणि वकील बदलायची वेळ आलीच तर नव्या माणसाला दाखवायला हे सगळं तयार असतं.

फक्त हे मेसेज नातेवाईकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नका, वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं आणि बाहेर गेलं की ते संरक्षण जाऊ शकतं.